हरलेल्यांची पंगत

आमची शाळा एखादा सामना हरली की त्या दिवशी वामनअण्णा अळणी जेवत. आमटीत मीठ नाही, भाजीत नाही, ताकातसुद्धा नाही. आणि त्या काळात आमची शाळा इतके सामने हरत असे, की कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अण्णांचा रक्तदाब पाहून, "या वयात इतकं कडक पथ्य पाळणारा पेशंट मला दुसरा दाखवा," असं जाहीर केलं होतं.

गंमत अशी, की आमच्या शाळेत अण्णांचं कुणीच नव्हतं. ते स्वतः तिथे शिकलेले नव्हते. नातवंडं नव्हती. मुलगा शिकला तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या शाळेत. आमच्या शाळेशी त्यांचं नातं इतकंच, की त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या मैदानाकडे उघडत असे. लोकांच्या खिडकीतून देवळाचा कळस दिसतो, कुणाला गुलमोहर दिसतो. अण्णांना आमचा हाय जंप दिसायचा. तेवढ्यावर त्यांनी शाळा दत्तक घेतली.

मी त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. बंगळूरच्या बनशंकरी भागातली ही शाळा इथे पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी काढलेली. मुलं मात्र सगळ्या भाषांची. आता मी निवृत्त आहे, गुडघे गेलेत, आणि शाळेने ठरवलंय की आंतरवर्गीय सामन्यांच्या ढालीला माझं नाव द्यायचं. कारण काय, तर 'शाळेत स्कूल स्पिरिट निर्माण करणारे द्रष्टे मुख्याध्यापक'. विश्वस्त घरी आले, शाल दाखवून गेले, मी होकार दिला. त्या दिवसापासून झोप नीट लागत नाही. तेव्हा हे लिहितो आहे. स्पिरिट मी निर्माण केलं नाही. ते वामनअण्णांनी केलं, आणि मी त्यात जमेल तेवढा खोडा घातला. अण्णा आता हयात नाहीत. असते तर म्हणाले असते, "स्वल्प तडी, सर! आधी सांगा, ढाल लाकडाची की पितळेची?"

'स्वल्प तडी' म्हणजे जरा थांबा. हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. भाजीवालीला, रिक्षावाल्याला, पंचाला, मला. त्यांचं घराणं सोलापूरकडचं, पण तीन पिढ्या बंगळूरात. त्यामुळे त्यांची मराठी आमच्या पुण्याच्या पाहुण्यांना अर्धी कळायची आणि कन्नड इथल्या लोकांना पाऊण. उरलेलं ते आवाजाने भरून काढत. आवाज असा, की शाळेचा लाउडस्पीकर बिघडला तर आम्ही दुरुस्तीची घाई करत नसू.

सरकारी कारखान्यात आयुष्यभर नोकरी करून ते निवृत्त झाले होते. पत्नी, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या अक्का, त्यानंतर लवकरच गेल्या. मुलगा याच शहरात, इलेक्ट्रॉनिक सिटीत होता. "तिथून बनशंकरीला यायचं म्हणजे तयारी लागते हो," असं अण्णा त्याची बाजू घेऊन सांगत. जणू मध्ये समुद्र होता.

अण्णांना एकाही खेळाचे नियम ठाऊक नव्हते. क्रिकेट असो, कबड्डी असो, थ्रोबॉल असो, ते फक्त आमच्या गणवेशाचा रंग ओळखत आणि त्या रंगाच्या पाठीमागे उभे राहून ओरडत. "होडी!" म्हणजे मार. "बिडबेड!" म्हणजे सोडू नकोस. एकदा आमच्याच मुलाचा त्रिफळा उडाला तेव्हा दांडी हवेत गेलेली पाहून त्यांनी टाळ्या पिटल्या होत्या. चूक लक्षात आणून दिल्यावर म्हणाले, "पोरगं उभं कसं होतं पाहिलंत? बाद होतानासुद्धा वाकलं नाही."

बुद्धिबळाच्या स्पर्धेतही ते गेले. तिथे शांतता पाळायची असते हे त्यांना माहीत नव्हतं. आमच्या मुलाने पहिलं प्यादं पुढे सरकवताच अण्णांनी "शाब्बास रे वाघा!" अशी आरोळी ठोकली. पंचांनी त्यांना बाहेर काढलं. मग ते खिडकीबाहेर उभे राहून दोन्ही हातांनी 'पुढे, पुढे' अशा खुणा करू लागले. आमच्या मुलाने भिडेखातर राजा पुढे घेतला. पुढचं सांगत नाही. अण्णा त्या दिवशी अळणी जेवले.

हरल्यावर त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "हरलो नाही हो, जिंकायचं राहिलं." जिंकायचं राहणं हे गॅस बंद करायचं राहणं किंवा दूधवाल्याला सांगायचं राहणं या जातीचं आहे, उद्या आठवणीने करू, असा त्यांचा सूर असायचा.

आता आमच्या शाळेची हकीकत सांगतो. ती वाईट नव्हती. तिला शाळा म्हणून कुणी मोजत नव्हतं, एवढंच. जवळच एक भलीमोठी, पोहण्याच्या तलावाची शाळा निघाली होती. आमची मुलं बसस्टॉपवर उभी राहिली की भर उन्हात जॅकेट घालायची. मला वाटायचं, आजारी आहेत. मग कळलं, खिशावरचं शाळेचं चिन्ह झाकायला. कुणी "कुठल्या शाळेत?" विचारलं की "इथेच, जवळ," म्हणायची. संघ निवडायला उभं राहिलं की अकरा जणांसाठी नऊ जण यायचे आणि त्यांतल्या दोघांना आईने बळेच पाठवलेलं असायचं.

यावर उपाय म्हणून विश्वस्तांनी मला कोरमंगलाच्या एका हॉटेलात कार्यशाळेला पाठवलं. तिथे माझ्या मुलाच्या वयाच्या एका तरुणाने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून स्कूल स्पिरिटचे फायदे समजावले. ज्या मुलाला शाळा आपली वाटते ते दांड्या मारत नाही, अभ्यासात लक्ष घालतं, नव्या मुलाला सामावून घेतं, एकटं पडत नाही. सगळं खरं होतं. दुपारचं जेवणही चांगलं होतं. मी भारावून परत आलो आणि सूचना काढली: 'सोमवारपासून सर्व विद्यार्थ्यांनी शाळेचा अभिमान बाळगावा.'

हसू नका. मी खरोखर अशी सूचना काढली होती.

मंगळवारी घोषवाक्य, बुधवारी शाळेचं गीत. गीत आमच्या खजिनदारांनी रचलं. त्यात पायाभरणीपासून पाण्याच्या नव्या टाकीपर्यंत शाळेचा सगळा इतिहास आला होता आणि ते म्हणता म्हणता पहिला तास संपायचा. गुरुवारी बिल्ले वाटले. बिल्ल्यांच्या पिना उघडल्या, स्वेटरांना भोकं पडली, आया भांडायला आल्या. शुक्रवारी मी अभिमान किती वाढला हे पाहायला बसस्टॉपवर गेलो. जॅकेटं होतीच. एकाने मला पाहून चेन गळ्यापर्यंत ओढली.

त्याच सुमारास मुलींचा थ्रोबॉलचा संघ त्या तलाववाल्या शाळेकडून सडकून हरला. आमच्या खेळाच्या शिक्षिका शैलजा मिस, बेळगावच्या, फार प्रेमळ बाई. त्या मुलींना घेऊन परतल्या तेव्हा मुली माना खाली घालून चालत होत्या. अण्णा खिडकीतून ओरडले, "मिस! जेवल्या का पोरी?"

"नाही अण्णा. कुणाला भूकच नाही."

"स्वल्प तडी," अण्णा म्हणाले, आणि पळीसकट रस्त्यावर आले.

त्या दिवशी बारा मुली अण्णांच्या पडवीत बसून पिठलं-भात जेवल्या. शैलजा मिसने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, की आधी मुली रडल्या, मग जेवल्या, मग दुसऱ्यांदा भात घेतला, आणि मग अण्णांनी प्रत्येकीला विचारलं, "हं, आता सांग, तू कसं हरवलंस आम्हाला?" प्रत्येकीने आपण सोडलेल्या बॉलची गोष्ट नक्कल करून सांगायची. हसता हसता एकीच्या नाकात ताक गेलं. अण्णांनी आपल्या वाटणीचा पदार्थ मीठ घालायच्या आधीच बाजूला काढून ठेवलेला. तो ते गंभीरपणे खात होते.

तेव्हापासून नियम झाला. जो हरेल त्याने अण्णांकडे जेवायचं. जिंकेल त्याने नाही. "जिंकलेल्याला कुणीही खाऊ घालतो," अण्णा म्हणत. "मामा घालतो, काका घालतो, शेजारी घालतो. हरलेल्याला घरी जाऊन विचारतात, हात धुतलेस का."

याहून चमत्कारिक पद्धत पुढे पडली. सामन्याच्या आदल्या दिवशी सराव संपला की अण्णा मैदानावर येत आणि संघाला विचारत, "उद्या हरलात तर काय खाणार?" मुलं फर्माईश करत. कुणी होळिगे मागे, म्हणजे आपली पुरणपोळी. कुणी चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात. मग अण्णा पिशवी घेऊन बाजाराला निघत.

मी हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सामन्याच्या आदल्या दिवशी हरण्याची भाषा! आमच्याकडे मुलगा परीक्षेला निघाला की दही देतात. हा गृहस्थ पराभवाचा स्वयंपाक आधीच ठरवतो. मी शैलजा मिसना म्हणालो, "हे थांबवा."

"कसं थांबवू, सर? शिट्टी माझ्याकडे आहे, पण पोरी त्यांचं ऐकतात. आणि खरं सांगू का? हल्ली त्या बॉलला घाबरत नाहीत. सुटला तर सुटला, जेवण आहेच म्हणतात. आणि मग तो सुटत नाही."

मला हे तर्कशास्त्र पटलं नाही. मी बी.एड. होतो.

पण डोळे होते, त्यामुळे दिसत होतं. संघनिवडीला आता इतकी मुलं येऊ लागली की रांग लावावी लागे. वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गातल्यांना घेऊन पंगतीला बसत आणि तिथेच गणितंही सुटत. अण्णांच्या पडवीची ख्याती इतकी पसरली, की खेळाशी संबंध नसलेले लोकही हरून येऊ लागले. एकदा सातवीतली तीन मुलं दारात उभी राहिली.

"काय रे, कसली मॅच?"

"अण्णा, आम्ही विज्ञानात हरलो."

"कितीने?"

"पुष्कळच."

"या आत. पाय पुसून."

आमच्या संगीतशिक्षिका वधूपरीक्षेत हरून एकदा तिथे जेवल्या, असं म्हणतात. मी खात्री करून घेतली नाही.

नागपूरहून आर्या नावाची मुलगी नववीत आली होती. वडील आयटीत, बदली अचानक झालेली. कन्नड येत नाही, इथलं कुणी ओळखीचं नाही. पहिले दोन महिने ती मधल्या सुट्टीत जिन्याखाली डबा खायची. मी तिला वर्गशिक्षकांमार्फत 'मित्र जोडा' अशी सूचना दिली होती. शेवटी शैलजा मिसने तिला राखीव म्हणून संघात घेतलं, पहिल्याच सामन्यात तिच्या हातून मोक्याचा बॉल सुटला, आणि ती अण्णांच्या पंगतीत पोहोचली.

"मी तर बॉलकडे पाहूनच राहिली होती ना, अण्णा," ती नक्कल करत सांगू लागली, "अन् तो म्हणे, मी चाललो!"

तिची ती वऱ्हाडी नक्कल कन्नड मुलींना शब्दनशब्द कळली. दुसऱ्या दिवसापासून जिन्याखाली कुणी नसायचं. आणि थंडी पडली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बसस्टॉपवर मुलं कुडकुडत उभी आहेत. जॅकेटं हातात, चिन्हं बाहेर.

विश्वस्तांनी हे पाहिलं आणि म्हणाले, "सर, तुमची योजना फळली." मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "वेळ लागतो, पण फळते." मग दुसऱ्या शाळांच्या मुख्याध्यापकांपुढे माझं भाषण ठेवलं. त्यात मी घोषवाक्यावर बोललो, गीतावर बोललो, बिल्ल्यांच्या पिनांसकट सगळ्यावर बोललो. पिठल्याचा उल्लेख केला नाही. एका माणसाच्या स्वयंपाकघराला शैक्षणिक उपक्रम म्हणायचं कसं, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण साधं होतं. मला टाळ्या आवडल्या.

अण्णा त्या भाषणाला आले होते. शेवटच्या रांगेत बसून त्यांनी सगळ्यांत मोठ्या टाळ्या वाजवल्या. बाहेर भेटल्यावर म्हणाले, "फर्स्ट क्लास बोललात. एक कळलं नाही, ते गीत पोरं खरंच म्हणतात?"

तो प्रश्न त्यांनी अगदी निरागसपणे विचारला होता. मला तो टोचला. तिथून माझ्या मनात अण्णांविषयी काहीतरी आंबायला लागलं.

त्याच वर्षी मुलींचा थ्रोबॉलचा संघ, कसा कोण जाणे, अंतिम सामन्यापर्यंत गेला. समोर तीच तलाववाली शाळा. विश्वस्त हवेत तरंगू लागले. आणि सामन्याच्या आदल्या दिवशी आर्याचे वडील माझ्या खोलीत आले.

"सर, डोन्ट माइंड, पण हे काय चाललंय? ही काल घरी म्हणते, बाबा टेन्शन नको घेऊ, हरलो तर अण्णांकडे बिसिबेळे भात आहे. लूजिंगला रिवॉर्ड? असा विनिंग माइंडसेट कसा बनेल?"

याच गृहस्थांनी चार महिन्यांपूर्वी माझ्या टेबलाशी बसून मुलगी रोज रडते म्हणून डोळे पुसले होते. त्याची मी त्यांना आठवण करून द्यायला हवी होती. त्याऐवजी मी ताडकन उठून मैदानावर गेलो.

सराव नुकताच संपला होता. अण्णा मुलींच्या घोळक्यात उभे होते, हातात कापडी पिशवी.

"मग काय ठरलं? हरलात तर?"

"बिसिबेळे भात!" सगळ्या ओरडल्या. आर्या म्हणाली, "पण अण्णा, आम्ही येणारच नाही पाहा! जिंकून राहिलो आम्ही!"

"नका येऊ! मी कुठे या म्हणतो? मी आपला करून ठेवतो."

"अण्णा," मी म्हणालो, "हे बंद करा."

"स्वल्प तडी, सर, शेंगदाणे विचारायचे राहिले. पोरींनो, शेंगदाणे की काजू?"

मुली हसल्या. मला वाटलं, मला हसल्या. आणि मी जे बोललो ते माझ्या स्वतःच्या आवाजात आजही मला ऐकू येतं.

"अण्णा, या मुली हरायला तुम्हालाच हव्या आहेत. त्या जिंकायला लागल्या तर तुमच्याकडे जेवायला येणार कोण?"

हसणं थांबलं. शैलजा मिस शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. तो आवाज मी कितीतरी पंचांवर पडताना ऐकला होता. पण त्यांनी पिशवीची घडी घातली, ती काखेत धरली, आणि "सरी," एवढंच म्हणून ते निघाले. सरी म्हणजे बरं, ठीक आहे. कन्नडमध्ये तो शब्द इतका छोटा आहे, की त्यावर उत्तर देता येत नाही.

अंतिम सामन्याला अण्णा येणार नाहीत अशी माझी खात्री होती. ते आले. आमच्या बाजूला न बसता पलीकडे, त्या दुसऱ्या शाळेच्या पालकांत जाऊन बसले, धुतलेला शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून. पहिला सेट संपेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. मुली सारख्या तिकडे बघत होत्या. तो सेट आम्ही हरलो.

दुसऱ्या सेटमध्ये आमच्या कप्तान मुलीच्या हातून बॉल निसटला आणि ती तशीच उभी राहिली. शैलजा मिसने हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. आणि पलीकडून, त्या भारी गॉगलवाल्या पालकांच्या मधोमध, अण्णा उठले.

"हरलीस नाही गं! जिंकायचं राहिलंय! होडी!"

गॉगलवाले दचकून बाजूला झाले. एका बाईंच्या हातातली कॉफी सांडली. मग पुढचा सगळा वेळ तो आवाज थांबला नाही. नियम ठाऊक नसल्याने ते दोन्ही बाजूंच्या थ्रोला "बिडबेड!" म्हणत होते. शेजारच्या पालकांनी तक्रार केली, पंचांनी बोट दाखवलं, अण्णांनी पंचांना "स्वल्प तडी" म्हटलं. तिसऱ्या सेटला तर त्यांचा आवाज फाटून चिरका झाला. शेवटचा बॉल आर्याने छातीशी धरला, सोडला नाही, आणि असा फेकला की पलीकडच्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

आम्ही जिंकलो. अंतिम सामना, माझ्या कारकिर्दीत पहिल्यांदा.

मग हार, फोटो, करंडक. एका स्थानिक वार्ताहराने मला विचारलं, "सर, हे स्पिरिट कसं आणलंत?" मी बोललो. चांगला बराच वेळ बोललो. विश्वस्तांनी मुलींना कोरमंगलाला पिझ्झा खायला न्यायचं ठरवलं. मुली बसमध्ये चढताना "अण्णा कुठे? अण्णा?" करत होत्या. शैलजा मिस शोधून आल्या. ते केव्हाच निघून गेले होते.

"बोलावून आणू का घरून?" त्यांनी मला विचारलं.

"उशीर होईल," मी म्हणालो.

कोरमंगलाच्या त्या हॉटेलात गाण्यांचा एवढा आवाज होता, की विश्वस्त माझं अभिनंदन खुणांनी करत होते. मी लवकर निघालो. रिक्षा बनशंकरीत शिरली तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. शाळेपाशी उतरलो, पैसे दिले, आणि आपल्या घरी जायचं सोडून अण्णांच्या पडवीत जाऊन उभा राहिलो. हातात काही नव्हतं. पेढे घ्यायला हवे होते हे तिथे पोहोचल्यावर सुचलं.

अण्णा आरामखुर्चीत बसले होते. मला पाहताच उठले आणि तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. घसा पार बसला होता. ज्या माणसाचं बोलणं चार घरांपलीकडे जायचं, त्याचं बोलणं ऐकायला मला जवळ जाऊन कान द्यावा लागला.

"जिंकलो की हो, सर," ते कुजबुजले. चेहरा असा फुलला होता, की मला पाहवेना.

"अण्णा, काल मी..."

त्यांनी तळहात वर करून मला थांबवलं. मग आत गेले. मी मागोमाग गेलो. चुलीवर मोठं पातेलं होतं, संघाला पुरेल एवढं. बिसिबेळे भात, वर शेंगदाणे आणि काजू, दोन्ही. शेजारी धुतलेल्या ताटांची चळत, तिच्यावर कोरडं फडकं.

"हे कधी केलंत?"

"सकाळी. मॅचला निघायच्या आधी." ते पुन्हा कुजबुजले. "म्हटलं, पोरी उपाशी यायला नकोत."

एवढा भात करून, ताटं पुसून, हा माणूस मैदानावर आला होता, आणि हा भात कुणी खायला येऊ नये म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडला होता.

अण्णांनी एक ताट काढलं, क्षणभर विचार केला आणि दुसरं काढलं. "तुम्ही पिझ्झा खाऊन आला असाल."

"नाही," मी म्हणालो. खाल्ला होता.

आम्ही दोघं पडवीत जेवायला बसलो. भातावर त्यांनी तूप वाढलं, माझ्याकडे पाहून पुन्हा वाढलं. मग घास हातात धरून म्हणाले, "सांगा. शेवटचा पॉइंट कसा झाला? मला काही कळलंच नाही, मी ओरडत होतो."

मलाही सांगता येईना. त्या वेळी मी एका विश्वस्तांशी बोलत होतो. तसं कबूल केल्यावर अण्णा हसले आणि म्हणाले, मग मीच सांगतो. आणि त्यांनी पहिल्या सेटपासून सुरुवात केली. आवाज नव्हता, म्हणून सगळं हातांनी. आर्याने बॉल छातीशी कसा धरला ते दाखवायला त्यांनी पाण्याचा तांब्या छातीशी धरला. कप्तानचं उभं राहणं, गॉगलवाल्या बाईंची कॉफी, पंचांचं बोट. मध्येच एकेका मुलीचं नाव घेत, ती काय खाते, काय टाकते, कुणाला शेंगदाणे लागत नाहीत, हेही सांगत होते. भात गार होत होता. पातेल्यातला तर हललाही नव्हता.

रस्त्यावरून स्कूटर गेली, की बोलणाऱ्या मुली गेल्या, की मी मान वळवून दाराकडे बघत होतो. अण्णांनी एकदाही बघितलं नाही. ते तांब्या छातीशी धरून, बसलेल्या घशाने, मला शेवटचा पॉइंट परत एकदा समजावून सांगत होते.